ब्रिजिटच्या विहिरीचं पाणी

सून साहेबाच्या बंगल्यावर इंग्रजी शिकायला जाणार हे ऐकल्यावर सगुणाबाई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवली, पण कुणाशी बोलली मात्र नाही. सत्तावन्न साल नुकतं उजाडलं होतं. पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहून धूर सोडत होता. गावठाणातल्या म्हाताऱ्यांना मात्र अजून वाटत होतं की आणखी दोन पावसाळे गेले की हे बिऱ्हाड उठेल आणि माळावर पुन्हा आपली गुरं चरतील. बिऱ्हाड उठायचं तर राहिलंच, आता त्यांच्या सुना तिकडं निघाल्या होत्या.

कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात बायका घेणार होते. जागा आठ. अट एवढीच, की बाटलीवरचं इंग्रजी वाचता यावं आणि साहेबानं काही विचारलं तर चार वाक्यं बोलता यावीत. सगुणाबाईचा मुलगा भिमाजी तिथंच बॉयलरवर कामाला होता. त्याची बायको शकू माहेरी चऱ्होलीला असताना सातवी पास झालेली. "सातवी शिकल्याली बायकू काय चुलीत घालायची?" असं भिमाजीनं आईला तोंडावर विचारलं. एरवी तो गायीसारखा गरीब, पण एकदा अडून बसला की ढिम्म हलायचा नाही. म्हातारीचा इलाज चालेना.

मग तिनं आपला इलाज काढला. शकूची अडीच वर्षांची हौसा ओसरीत बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. सगुणाबाईनं शकूचा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"म्हन, त्या बाईच्या घरच्या पान्याचा थेंब तोंडात घेनार न्हाई."

सगुणाबाई लहान असताना तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं, की कोकणात कुठं पाद्र्यानं विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव त्या विहिरीवर पाणी प्यालं आणि उभं गाव बाटलं. तेव्हापासून गोऱ्या माणसाचं पाणी म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. शकूनं हौसाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. घेताना तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. तास-दीड तासाची शिकवणी, तेवढ्यात कुठं तहान लागते?

शपथेचा कायदा मात्र गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची. त्यानं तोंडानं 'सुटली' म्हटलं तरच सुटली. तसं न होता मोडली, तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याच्यावर ती उलटते.

शिकवणाऱ्या बाईचं नाव डेलानी. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या इंजिनियराची ती बायको. केस तांबडे, आणि गोऱ्या तोंडावर राळे सांडल्यासारखे ठिपके. पहिल्या दिवशी शकू बंगल्याच्या फाटकातच थबकली. कुत्र्याची भीती, खुर्चीची भीती, आपण तोंड उघडलं आणि हसं झालं तर त्याची भीती. आत आणखी दोघीजणी तिच्यासारख्याच भेदरून बसलेल्या दिसल्या तेव्हा तिला जरा धीर आला. एक होती चिंचवडला सायकली दुरुस्त करणाऱ्या चांदभाईंची मुलगी नजमा. दुसरी रेल्वेतल्या कारकुनाची बायको इंदुताई. ती पुस्तकी बोलायची आणि सगळ्यांत जास्त घाबरायची.

इंदुताईनं बाईला इंग्रज म्हटलं आणि बाईचं तोंड लाल झालं. "मी इंग्रज नाही," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "मी आयर्लंडची. आमच्यावर पण त्यांचंच राज्य होतं. तुमच्यापेक्षा जास्त वर्षं."

"मंग त्यांची भाषा कशाला शिकवता?" नजमानं विचारलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

बाई मोठ्यानं हसली. "जाताना ते आमची भाषा मोडून गेले आणि त्यांची ठेवून गेले. आता घरात पडलीच आहे, तर वापरते."

त्या दिवसापासून ती तिघींना जरा आपली वाटायला लागली.

पुस्तक वगैरे काही नव्हतं. बाईची शिकवायची रीतच निराळी. व्हरांड्यात ती दोन बाकं एकापाठोपाठ मांडायची, ती झाली मोटार. तिघींनी त्यात बसायचं. पुढं उभी राहून बाई आपल्या देशातली एकेक जागा दाखवायची, हातात त्या जागेचं चित्राचं पोस्टकार्ड. मोटारीतल्यांनी इंग्रजीत विचारायचं: व्हेअर इज द टॉवर? हाऊ फार इज द सी? शकू चाकणच्या बाजारापलीकडं कधी गेलेली नव्हती, पण पंधरा दिवसांत आयर्लंडचा पश्चिम किनारा तिनं पालथा घातला. समुद्रावरचा सातशे फुटांचा सरळ तुटलेला कडा पाहून तिनं बाक गच्च धरलं. दगड रचून केलेले शेतांचे बांध पाहून तिला आपलं शेत आठवलं. तिथले गरीब लोक जमिनीतली काळी माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि गोवऱ्यांसारखी चुलीत घालतात. गोल मनोरे होते, त्यांचं दार माणसाच्या डोक्यावर दोन पुरुष उंच. लुटारू आले की आतले साधू शिडी वर ओढून घेत.

आणि एक दिवस बाईनं रडणारीची गोष्ट सांगितली. तिकडं काही घराण्यांत माणूस जायचं असलं की आदल्या संध्याकाळी एक बाई घराबाहेर येऊन रडते. क्वचितच कुणाला दिसते. मोकळे केस, करडं लुगडं. रडणं तेवढं ऐकू येतं. बाईनं ते हसत सांगितलं, इंदुताईनंही हसून घेतलं. शकूला मात्र त्या दिवशी घरी जाताना पवनेच्या काठची पायवाट नको झाली.

फेब्रुवारीची पहिली तारीख आली. त्या दिवशी तिकडं ब्रिजिट नावाच्या संतिणीचा सण, हिवाळा संपल्याची खूण. बाई सकाळपासून खुशीत होती. नदीकाठचं लव्हाळं आणून तिनं तिघींना त्याचा क्रूस विणायला शिकवलं. शकूनं आपला विणला आणि घरी न नेता तिथंच बाकाखाली सरकवून ठेवला.

मग बाई म्हणाली, "आज मोटार विहिरीवर जाते. चप्पल काढा."

व्हरांड्याच्या मध्ये तिनं एक बादली ठेवली होती, ती विहीर. यात्रेला येणारे लोक तिथं अनवाणी येतात. विहिरीला उजवीकडून फेऱ्या घालतात, सूर्य जातो तशा. शेजारच्या झाडाला कापडाची चिंधी बांधतात, म्हणजे रोग त्या चिंधीत राहतो आणि माणूस मोकळं होतं. तिघी बादलीभोवती फिरल्या. शकूनं कुंडीतल्या जास्वंदीला चिंधी बांधली. म्हसोबाच्या बाभळीला सासूबरोबर तिनं कितीदा बांधली होती, हात अगदी सवयीनं चालला. तिसरी फेरी झाली तोवर ती बंगल्यातही नव्हती आणि परक्या देशातही नव्हती, आपल्या देवाला आली होती.

बाईनं कपाटातून एक छोटी बाटली आणली. तिच्या आईनं ब्रिजिटच्या विहिरीवर भरून दिलेली. तिघींनी हात पुढं केले. बाईनं प्रत्येकीच्या तळव्यावर चार थेंब टाकले आणि सांगितलं, आता डोळ्यांना लावा.

शकूला ते इंग्रजी कळलं. चांगलं कळलं. पण तिच्या उजव्या हाताची पळी आधीच झाली होती. हात तोंडाशी गेला, पाणी पोटात गेलं, ओला तळवा डोक्यावरून फिरला. देवळात लहानपणापासून हजार वेळा केलेलं ते झालंसुद्धा. नजमा आणि इंदुताई डोळे पुसत होत्या. बाई तिच्याकडं बघत राहिली.

"शकू, ते पिलं? ते सात वर्षांचं जुनं पाणी आहे!" बाई घाबरून आत धावली आणि चूळ भरायला पाण्याचा पेला घेऊन आली. शकूनं दोन्ही हात पाठीमागं नेले. तो पेला पाहून तिला काय झालं ते उमजलं. शपथ मोडली होती.

वाटेत नजमानं तिला गाठलं. "काय झालं, भाबी? चार थेंबानं काय पोट बिघडतंय व्हय? आमच्या पीराचं पानी तुमची अर्धी आळी पिती."

शकूनं तिला शपथेचं सांगितलं. नजमाची बडबड एकदम थांबली.

"लेकराच्या डोक्यावर?" ती म्हणाली. "मंग आजच सांग सासूला. तिनं सुटली म्हटलं पायजे. थांबू नको, भाबी."

नजमासारखी कशालाही न भिणारी पोरगी असं म्हणाली, त्यानं शकूच्या काळजात कळ उठली. पण सांगायचं कसं? कारखान्याची परीक्षा नऊ तारखेला होती. सांगितलं की शिकवणी संपली, नोकरी संपली, आणि बाटलेली सून म्हणून चऱ्होलीला पाठवणी. तिथं बापाच्या दारात काय तोंड घेऊन उभं राहायचं? भिमाजी असता तर त्याच्यामागं लपता आलं असतं. तो यंत्राची खोकी आणायला आठ दिवसांसाठी मुंबईला गेलेला. आठच दिवस, शकूनं मनाशी म्हटलं. परीक्षा झाली की सांगू. आठ दिवसांत काय होतंय?

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा हौसाला जवळ घेतलं आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. रात्रीपर्यंत तिनं तो दहा वेळा पाहिला. दुसऱ्या दिवशी पोर उंबऱ्याला अडखळून पडली, तर शकू किंचाळली. सगुणाबाई म्हणाली, "पडत्यात की पोरं. येवढं काय बोंबलायचं?" तिसऱ्या दिवशी हौसा दोनदा शिंकली. शकू ताट तसंच सोडून शिकवणीला गेली. बाकावर बसून मनोऱ्याची उंची विचारताना तिचं सगळं चित्त घरी. बाईनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती परतली, तर हौसा सासूच्या मांडीवर निजलेली, गाल लालबुंद. कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"थंडी बाधली असंल," सगुणाबाई म्हणाली. तिनं ओव्याची पुरचुंडी शेकली, छातीला सुंठ लावली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, वास आला नाही. "दीठ लागलीया," ती म्हणाली आणि जरा निश्चिंत झाली. शकू भिंतीला टेकून उभी राहिली. दृष्ट कुणाची ते तिला माहीत होतं. 'सांग,' ती स्वतःला म्हणत होती, आणि तोंड उघडत नव्हतं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो तिच्या पाठीवर बसलाच होता.

पाचव्या दिवशी पोर खोकायला लागली. संध्याकाळी शकू नदीवरून धुणं घेऊन येत होती तेव्हा काठावर टिटवी ओरडली. पुन्हा ओरडली. तिचं ओरडणं अशुभ, हे गावात कुणालाही ठाऊक. पण शकूला त्यात बाईनं सांगितलेली ती रडणारीही ऐकू आली, मोकळ्या केसांची, त्यांच्याच घराकडं चाललेली. पिळे खाली पडले. तिनं ते तसेच चिखलात टाकले आणि पळत सुटली. घरी पोर होती तशीच होती, धापा टाकत. शकूनं दाराला आतून कडी लावली. सगुणाबाईनं विचारलं, "कोन मागं लागलंय?" शकूनं कडी पुन्हा ओढून पाहिली.

सहाव्या दिवशी दुपारी हौसाचं पोट भात्यासारखं उडायला लागलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत. सगुणाबाईनं शेजारच्या गोजाबाईला बोलावलं. आजारी पोरांना तापल्या सुईचे डाग देण्यात गोजाबाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिनं पोरीचा सदरा वर केला, पोटावर बोटं फिरवली.

"डबा झालाय," ती म्हणाली, म्हणजे पोरांची धाप. "दोन हिकडं, दोन तिकडं. चार डाग द्यावं लागत्याल."

सुई निखाऱ्यात गेली. शकू हौसाला मांडीवर धरून बसली होती, कारण धरायचं काम आईचं. सुईचं टोक आधी काळं झालं, मग तांबूस. पोर खोल गेलेल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती आणि काहीच मागत नव्हती. शकूला वाटलं, पाप माझं, आणि चटके हिला. तिच्यानं आणखी एक क्षण राहवेना.

"डाग देऊ नका," ती ओरडली. "हिचं काय न्हाई. माझ्यामुळं झालंय. आत्याबाई, म्या शपथ मोडली."

आणि तिनं सगळं सांगितलं. बादली, फेऱ्या, चिंधी, चार थेंब. गोजाबाईनं तोंडावर हात ठेवला. म्हणजे संध्याकाळपर्यंत हे गावभर जाणार, शकूला कळलं. जाऊ दे. ती सासूकडं बघत होती. आता झिंज्या धरील, आता पोर हिसकावून घेईल, आता दाराबाहेर काढील.

सगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हातारी गुडघ्यांवर सरकत आली, हौसाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

"सुटली," ती म्हणाली. "सुटली. सुटली गं माझे बाय. म्या घातली व्हती, म्या सोडली."

एक शब्द रागाचा नाही, एक अट नाही. शकूच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि ती हमसून हमसून रडली. मग तिघी पोरीकडं बघत बसल्या. आता उतरेल. आता श्वास संथ होईल. निखाऱ्यांवर राख धरायला लागली. अंगणातली सावली उंबऱ्यापर्यंत आली.

पोट तसंच उडत होतं. ताप तसूभर उतरला नव्हता.

"आनखी काय हाय?" सगुणाबाईनं विचारलं. तिचा आवाज फाटला. "काय लपिवलंस? समदं बोल, शके, समदं!"

शकू मनाचे कोपरे झाडायला लागली. "बाईच्या खुर्चीवर बसले एकदा. नजमाच्या डब्यातली खीर खाल्ली."

"खिरीनं काय हुतंय! दुसरं बोल!"

"क्रूस केला लव्हाळ्याचा. पर आनला न्हाई घरी, तिथंच टाकला. दुसरं न्हाई, आत्याबाई. हौसाचीच शप..." ती म्हणायला गेली आणि तिनं जीभ चावली. दुसरं खरोखरच काही उरलं नव्हतं. इतके दिवस तिला आपल्या पापाची भीती वाटत होती. आता पाप सांगून झालं, धुऊन झालं, आणि पोर तरी जळतच होती. ही भीती आधीच्याहून वाईट होती. हिला काही कारणच नव्हतं.

सगुणाबाई मागं टेकली. तिचं तोंड एकाएकी लहान झालेलं दिसलं.

"मंग माजंच असंल," ती म्हणाली.

गोजाबाई तिच्याकडं वळली. "तुझं काय?"

"म्हसोबाला गेले व्हते. ही शिकाया जाया लागली त्या आयतवारी. म्हनलं, हिची नोकरी हुकू दे, कोंबडं दीन." तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि काढला. "कायबी करून अडव म्हनलं. कायबी करून, असं म्हनले गं म्या. त्या देवाला तोंडानं म्हनले."

"का, आत्याबाई?"

"नोकरी लागली म्हंजी कंपनीची खोली मिळल. भिमा हायेच तिकडं. तुमी दोगं पोरीला घिऊन जाशीला. म्या हितं कुनाला भाकर घालू?"

पाण्याची शपथ, बाटायची भीती, ते सगळं खरं होतं. पण त्याच्या तळाशी हे होतं, आणि ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सासूला कधी कशाची भीती वाटत असेल हेच शकूच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"सुई तापलीया," गोजाबाई म्हणाली.

दोघींनी त्या सुईकडं पाहिलं. शकूनं हौसाला गोधडीत गुंडाळलं आणि उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. अंगण ओलांडून ती वाटेला लागली तेव्हा मागून अनवाणी पावलं वाजली. सगुणाबाई लुगड्याचा काष्टा खोचत तिच्यामागं पळत होती, आणि पळता पळता दोन्ही हातांनी तोंडात मारून घेत म्हसोबाला सांगत होती, की माझं बोलणं मागं घेतलं, कोंबडं तसंच देईन, दोन देईन.

कारखान्याचा दवाखाना मैलभर. आत एकटी नर्स होती, मद्रासकडची, नवीनच आलेली. तिला मराठी येत नव्हतं. ती हातानं बस, बस म्हणत होती, आणि हौसाचे ओठ निळे पडत चालले होते. शकूच्या डोक्यातली सगळी वाक्यं पळून गेली होती. तोंडात आली ती मोटारीतली.

"व्हेअर इज द डॉक्टर?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण केवढा मोठा. "हाऊ फार इज द डॉक्टर? माय चाइल्ड... थ्री डेज... फायर!" तिला तापाचा शब्द आठवला नाही. आयर्लंडच्या चुलीत जळणाऱ्या मातीचा आठवला.

नर्सला कळलं. ती धावत मागच्या इमारतीत गेली आणि डॉक्टरला घेऊन आली. त्यानं नळी लावून छाती ऐकली, निमोनिया म्हणाला, आणि एक बाटली फोडली. त्याच कारखान्यातली, त्याच खात्यात भरलेली. सुई पाहून सगुणाबाईनं डोळे मिटून घेतले. हौसा रडली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, आणि तो आवाज दोघींना ऐकावासा वाटला.

डॉक्टरनं तिघींना तिथंच ठेवून घेतलं. किती सुया दिल्या त्याचा हिशेब राहिला नाही. त्या दोन दिवसांत सासूसुना जमिनीवर शेजारी शेजारी बसून होत्या. कोण कशाला कारण, हा विषय दोघींनीही काढला नाही. गोजाबाईनं गावभर करायचं ते केलंच होतं. दूध घेऊन आलेली एक बाई म्हणालीही, "व्हय का गं सगुना, सून बाटली म्हनं?" सगुणाबाईनं तिच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाली, "दूध ठिव आन् चालू लाग."

आठव्या तारखेला सकाळी हौसाचं कपाळ ओलसर लागलं. शकूनं हात लावला, सासूचा हात धरून तिथं ठेवला, मग पुन्हा आपला ठेवला. गार होतं. पोरीनं डोळे उघडून भाकरी मागितली. सगुणाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"परीक्षा उद्या हाय न्हवं?" ती भिंतीकडंच बघत म्हणाली.

"म्या न्हाई जात, आत्याबाई."

"का? म्या देवाला सांगितलंय आता. मला खोटं पाडू नगंस. जा." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "आन् खोली मिळाली तर?"

शकूला त्या आवाजानं भडभडून आलं. सासू एवढ्या लहान तोंडानं काही मागू शकते हे तिला सोसवेना. "म्या तुमाला टाकून जानार न्हाई," असं म्हणता म्हणता तिचा हात आपोआप हौसाच्या डोक्याकडं निघाला.

सगुणाबाईनं झडप घालून तिचं मनगट वरच्या वर धरलं. एवढ्या जोरात, की बांगडी पिचली.

"तिच्या डोस्क्यावर न्हाई," ती म्हणाली. "शपथ नगं. नुसतं सांग. म्या ऐकते."

शकूनं नुसतं सांगितलं. सगुणाबाईनं ते खरं धरलं, तिचं मनगट सोडलं, आणि पोरीला भाकरी आणायला घरी निघाली.